देवरावजींची अक्षरं आणि माझा पेनड्राइव्ह

भंडाऱ्यात जुना कॉम्प्युटर अडला की लोक आधी त्याच्या डब्याला दोन चापट्या मारतात, आणि तरीही तो हलला नाही तर मला बोलावतात. गेली वीसेक वर्षं माझं घर या चापट्यांवर चाललं आहे. नवे कॉम्प्युटर विकणारे गावात पुष्कळ. जुने जिवंत ठेवणारा मी जवळपास एकटाच उरलो आहे, आणि याचा मला गर्व आहे. गर्वाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यातूनच घडलं. पितळेच्या भांड्यांवर नावं कोरणाऱ्या देवरावजींची सगळी अक्षरं माझ्या हातून नाहीशी झाली, आणि वर मी त्यांच्याशी खोटं बोललो.

दिवाळी अंकासाठी 'धंद्यातल्या गमती लिहा' असं मला सांगण्यात आलं होतं. गमती आहेतच. पण ही गोष्ट गाळून नुसत्या गमती लिहायला बसलो तेव्हा चार ओळींच्या पुढे हात चालेना.

आधी धंदा काय, ते सांगतो. कॉम्प्युटर नावाच्या डब्याला स्वतःची अक्कल नसते. त्यात एक कारभारी बसवावा लागतो. बटण दाबलं की अक्षर उमटवणं, प्रिंटरला हाक मारणं, कुठली वस्तू कुठे ठेवली ते ध्यानात ठेवणं, ही कामं तो करतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माझ्या गिऱ्हाइकांकडे आहे तो कारभारी म्हणजे विंडोज एक्सपी. तो कधीच निवृत्त झाला. पूर्वी चोरांनी आत शिरायची नवी फट शोधली की ती बुजवायचा मसाला कंपनी पाठवत असे. आता पाठवत नाही. फटी तशाच आहेत, चोरांना त्या पाठ आहेत.

मग नवा कारभारी का बसवत नाही? कारण या कॉम्प्युटरच्या पाठीमागे दुसरं एखादं यंत्र जोडलेलं असतं. भातगिरणीचा वजनकाटा असतो, कुठे तपासणीचं मशीन असतं, कुठे कोरणीचं. त्या यंत्राला या म्हाताऱ्या कारभाऱ्याचीच भाषा कळते. यंत्र ठणठणीत असतं, ते बनवणारे मात्र दुकान गुंडाळून गेलेले असतात. काट्यासाठी अख्खा कॉम्प्युटर बदला म्हटलं तर कॉम्प्युटरसाठी अख्खा काटा बदलावा लागतो.

तेव्हा मी म्हाताऱ्याला सांभाळतो. सगळ्यात आधी इंटरनेटची वायर काढून खिशात घालतो. ज्या घराची कडी मोडकी आहे ते घर हमरस्त्यावर ठेवायचं कशाला? रोज काम करणाऱ्या माणसाला वेगळं खातं करून देतो, त्यातून काम करता येतं पण नवं काही बसवता येत नाही. भंगारातून जुन्या हार्ड डिस्क, जुने पंखे, जुनी मेमरी जमवून ठेवतो. माझ्या दुकानाच्या माळ्यावर एवढा साठा आहे की बायको म्हणते, मी गेल्यावर तेराव्याला भंगारवालाच आधी येईल. बाहेरून काही आणायचंच झालं तर त्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह आहे. त्याला लाल दोरा बांधला आहे. त्याला मी सोवळ्यातला म्हणतो. कुठलीही फाइल आधी माझ्या दुकानातल्या एका रिकाम्या कॉम्प्युटरवर एक दिवस ठेवायची, तपासायची, मगच या सोवळ्यातल्यावर घ्यायची.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल. मूळ डिस्क गेली तर नक्कल लावायची की अर्ध्या तासात काम सुरू. मात्र ही नक्कल कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही. काढून वेगळी ठेवायची. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की मी दारात दिसलो की काही जण तेच वाक्य मला म्हणून दाखवतात.

आता दोन गमती सांगून टाकतो.

शहापूरच्या बाजूला हायवेवर एक भातगिरणी आहे. तिथल्या काट्यावरचे मुनीमजी आपला मोबाइल चार्जिंगला थेट काट्याच्या कॉम्प्युटरलाच लावत. मी तीनदा बजावलं. चौथ्यांदा गेलो तेव्हा मोबाइल तिथेच, वर त्यातून गाणी सुरू. मी एम-सील मळलं आणि पेनड्राइव्ह लावायची सगळी भोकं लिंपून टाकली. मोठ्या समाधानानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"प्रमोदभाऊ, प्रिंटर कोठी लावू?"

प्रिंटर मी जायच्या आधीच झाडपूस करायला काढून ठेवला होता, आणि त्याची जागाही मी लिंपली होती. धानाचा हंगाम. ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत. मी बारीक छिन्नी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि मागे ट्रॅक्टरवाले उभे राहून सूचना करत होते. एक म्हणाला, "डाक्टर, जरा हळू. दाढ दुखंल त्याची." मुनीमजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बघत सांगितलं, "मोबाइलचं भोक तेवढं राहू द्या तसंच बंद. मले समजलं."

दुसरे कारध्याचे एक ज्योतिषी. त्यांचा कुंडलीचा प्रोग्राम जुना. कॉम्प्युटरमध्ये घड्याळ चालवणारा एक छोटा सेल असतो, तो संपला की तारीख मागे जाते. महाराजांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी महिनाभर लोकांना वीस वर्षांपूर्वीचे ग्रह सांगितले. मी सेल बदलला आणि भीत भीत म्हणालो, "महाराज, महिनाभराचं सगळं चुकलं असंल ना?" ते शांतपणे म्हणाले, "एकही तक्रार नाई आली. उलट या महिन्यात लोक जास्त खूश होते."

आता देवरावजी.

आमच्याकडे लग्नात मुलीला पितळेची भांडी देतात. पाणी भरायचा गुंड, परात, पसरट कोपर, समई. त्यावर नाव घालतात. कोणी दिलं, कोणाला दिलं. गावातल्या कार्यात सगळ्यांची भांडी एकत्र होतात आणि नावामुळे ज्याची त्याच्या घरी परत जातात. देवरावजींनी उमेदीचं सगळं आयुष्य ही नावं कोरली, छिन्नी आणि इवल्याशा हातोडीने, एकेक टिंब ठोकत. त्यांचं अक्षर दुरून ओळखू येई. 'श'ला जरा पोट होतं, 'ल'ची शेपटी वर वळलेली असे, आणि वेलांटी अशी झुकायची की शब्दावर छत्री धरल्यासारखी वाटायची.

मग त्यांचा हात कापायला लागला. त्यांच्या मुलाने नागपूरहून एक जुनं कोरणीचं मशीन आणलं. सुई पितळेवर टिंबं पाडते, अगदी छिन्नीसारखी. पण मशीनमधली अक्षरं इतकी रुक्ष होती की पहिलं भांडं पाहून देवरावजी म्हणाले, "हे नाव हाये का मोटारीचा नंबर?"

तेव्हा मी तरुण होतो, उत्साही होतो. मी म्हणालो, "काकाजी, तुमीच अक्षरं काढून द्या कागदावर. मी मशीनले शिकवतो." हात बरा असे त्या दिवशी ते दोन-तीन अक्षरं काढत. असं सगळं पावसाळाभर चाललं. कागद स्कॅन करून मी एकेका अक्षराच्या कडा माउसने गिरवल्या. शेवटी मशीनने त्यांच्याच हस्ताक्षरात त्यांचं नाव कोरलं. देवरावजींनी त्यावरून बोट फिरवलं आणि सुनेला हाक मारली, "सुनीता, पाय व, माया हात बरा झाला."

आणि मी काय केलं? त्या यशाच्या भरात म्हणालो, "आता थे कागद कायले सांभाळता? सगळं कॉम्प्युटरात हाये." त्यांनी विश्वास ठेवला. कागद भांडी गुंडाळण्यात गेले.

पुढची पंधरा वर्षं मशीन सुनीतावहिनींनी चालवलं. मी दरवर्षी खंडेनवमीला जायचो, कॉम्प्युटर पुसायचो, तपासायचो, डिस्कची नक्कल ताजी करायचो. देवरावजी ती नक्कल लाल कापडात गुंडाळून देवघरात ठेवत. इथवर सगळं माझ्या नियमाप्रमाणे होतं. पण दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा असते. छिन्न्या, हातोड्या, तराजू, मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. आणि देवरावजींचा आग्रह असा की नक्कल डिस्कही कॉम्प्युटरला जोडलेली असली पाहिजे.

"पूजा जोडीनं होते गा, प्रमोद. एकट्याची होते का कधी?"

पहिल्या वर्षी मी विरोध केला. दुसऱ्या वर्षी हसलो. त्यानंतर मीच खंडेनवमीला डिस्क जोडून ठेवायला लागलो, दसऱ्याची पूजा होईपर्यंत ती तशीच. ती जोडलेली असताना काही बिघडलं तर दोन्ही जातील, हे मला कळत होतं. पण पूजेला मला पाटावर बसवत, माझ्या कपाळाला टिळा लावत, पेढा देत, आणि देवरावजी आलेल्या माणसाला सांगत, "हा आमचा वैद्य." हे मला आवडायचं.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. देवरावजींची नात श्रद्धा, सुनीतावहिनींची मुलगी, हिचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर लगेच. आंदणाच्या भांड्यांवर आजोबांच्याच अक्षरात नाव हवं, असा तिचा हट्ट. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, नावाच्या वर घालाले एखादा चांगला गणपती आना ना." मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर गणपतीची पन्नास चित्रं होती. त्यातलं एक माझ्या रोजच्या पेनड्राइव्हवर घेतलं. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह माझ्या दुकानात राहिला होता, दुकान चार पावलांवर होतं. एक दिवस तपासणीचा नियम माझाच होता. पण दुसऱ्या दिवशी दसरा, आणि मला वहिनींना आजच खूश करायचं होतं.

नक्कल डिस्क जोडलेली. मी माझ्या खात्यातून, म्हणजे ज्याला काहीही करायची मुभा असते त्या खात्यातून, ते चित्र उघडलं. ते चित्र नव्हतं. पडदा एकदा लुकलुकला आणि काहीच दिसलं नाही. काहीतरी बिघडलं हे मला तेव्हाच कळलं होतं, हे मी लिहिलंच पाहिजे. मी स्वतःला समजावलं की फाइल खराब असेल. वहिनींना म्हणालो, "गणपती उद्याची पूजा झाल्यावर आणतो." आणि घरी आलो.

दसऱ्याला जोडीनं पूजा झाली. मी पाटावर बसलो, टिळा लावून घेतला, पेढा खाल्ला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "भाऊ, अक्षरं दिसून नाई राहिली. सगळे चौकोन चौकोन."

जाऊन पाहिलं. फायलींची नावं होती तशी होती, आत निव्वळ कचरा. व्हायरसने एकेक फाइल खाऊन टाकली होती. नक्कल डिस्क पाहिली. तीच गत. प्रोग्रामची मूळ सीडी माझ्याकडे होती, म्हाताऱ्या कारभाऱ्याला मी संध्याकाळपर्यंत पुन्हा उभा करू शकत होतो. पण अक्षरं कुठल्या सीडीवर नव्हती.

देवरावजी काठी टेकत आले. "काय झालं गा?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "डिस्क जुनी झाली होती, काकाजी. वय झालं तिचं."

"अन् थे दुसरी?"

"थे बी."

त्यांनी डिस्कवरून हात फिरवला. मग हळहळून म्हणाले, "जोडीनं गेल्या बिचाऱ्या."

ते खरंच हळहळत होते. डिस्कसाठी. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की आता श्रद्धाच्या भांड्यांचं काय. फक्त आत जाऊन छिन्नी घेऊन आले आणि एका फुटक्या थाळीवर टिंब ठोकून पाहिलं. छिन्नी घसरली. त्यांनी ती परत ठेवून दिली.

पुढचे चार दिवस मी बायकोशीही धड बोललो नाही. पाचव्या दिवशी ती अंगणात दिवाळीची भांडी घासत बसली होती. चिंच आणि राख. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तोंड पाडून बसण्यापेक्षा पानी घाला." मी पाणी घातलं. गुंड चकाकला, आणि त्यावर आमच्या लग्नातलं नाव वर आलं. 'चि. सौ. कां. शालिनी हीस मामाकडून सप्रेम भेट.' पोट असलेला 'श'. शेपटी वळवलेला 'ल'. छत्री धरलेली वेलांटी.

मी तिच्या हातातून गुंड ओढूनच घेतला. ती म्हणाली, "बाप्पा! मामाचा गुंड हाये, तुमचा नाई."

तो मशीनने नव्हे, देवरावजींनी हाताने कोरलेला होता. आणि असे गुंड आमच्या भागात किती घरांत असतील! मी इतकी वर्षं नकला काढून देवघरात ठेवत होतो, आणि देवरावजींची अक्षरं घरोघरी चुलीजवळ सुखरूप होती. शिवाय दिवाळी तोंडावर, म्हणजे प्रत्येक घरातलं पितळ अंगणात उन्हाला मांडलेलं.

मी पातळ कागदाची गड्डी आणि शिसपेन्सिली घेतल्या आणि मोटारसायकल काढली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना लहानपणी, तसंच भांड्यावर करायचं. कोरलेलं अक्षर कागदावर पांढरं उमटतं. काम सोपं होतं, लोकांना समजावणं अवघड. एका अंगणात दोन बायका माझ्याकडे संशयाने पाहत होत्या.

"काय पायजे भाऊ?"

"तुमच्या परातीवरचा 'ठ' पायजे."

"अन् परात?"

"परात नको. फक्त 'ठ'."

दुसरी पहिलीला म्हणाली, "देऊन टाक व. 'ठ' देऊन काय कमी होते आपलं?"

बातमी माझ्यापुढे पळायला लागली. गावात शिरलो की हाक येई, "ओ अक्षरवाले, आमच्याकडं ज्ञानेश्वर हाये, 'ज्ञ' घेऊन जा!" कोणी 'ढ' असलेली परात शेतावरून मागवली. कोणी चहा दिला, कोणी नव्या धानाचे पोहे. भातगिरणीच्या मुनीमजींनी घरची समई काट्यावरच आणून ठेवली आणि वजन करून दाखवलं. कारध्याच्या महाराजांनी मुहूर्त काढून दिला, मी आधी त्यांच्या कॉम्प्युटरवरची तारीख तपासली. दहा दिवसांत मी जेवढा हसलो तेवढा वर्षभरात हसलो नसेन. आणि घरी परतताना दर वेळी आठवायचं की या सगळ्यांना मी 'डिस्क जुनी झाली' असंच सांगतोय.

एक गोष्ट मला दिसत होती. काही भांड्यांवर नावाच्या मध्येच किंवा शेवटी एक छोटं पाच पाकळ्यांचं फूल होतं. सगळ्यांवर नाही, काहींवरच. ज्यांच्या भांड्यावर ते होतं त्यांना त्याचा मोठा अभिमान. शहापुरात पार्बताबाई म्हणून एक आजी आहेत. तळ्याखालच्या धानाची शेती. नवऱ्याचं नाव सिद्धेश्वर, त्यामुळे श्रद्धासाठी लागणारा 'द्ध' फक्त त्यांच्याच गुंडावर सापडला. त्या गुंडावर तीन फुलं होती. मी पेन्सिल घासत असताना त्या शेजारणीला ऐकवत होत्या, "आमच्या बुवाचा मानच तसा होता. देवरावनं तीन फुलं काढली. तुमच्यावर हाये का एक तरी?"

'द्ध' घेऊन मी थेट देवरावजींकडे गेलो. शंभरेक कागद त्यांच्यासमोर पसरले. ते एकेक कागद उचलून बघायचे आणि माणूस भेटल्यासारखं बोलायचे. "हा तर लई जुना. तवा मायं लग्न नव्हतं झालं." मी विचारलं, "काकाजी, हे फूल कोनाच्या भांड्यावर काढत होते तुमी? मानाच्या?"

ते हसायला लागले, इतके की खोकला आला. आत बघितलं, सून जवळ नाही याची खात्री केली, आणि हळूच म्हणाले, "छिन्नी घसरली का ओरखडा पडे. पितळेवरचा ओरखडा पुसता येत नाई. मंग त्यावर फूल काढायचं. जेथी फूल तेथी मायी चूक."

"म्हंजे पार्बताबाईच्या गुंडावर..."

"त्या दिवशी लई ताप होता मले," ते म्हणाले. "तीनदा घसरली. सांगजो नको तिले."

मी खाली मान घालून कागद गोळा करायला लागलो. हात थांबले. मग जे काय होतं ते सगळं बाहेर आलं. झेरॉक्सचं दुकान, गणपती, लुकलुकलेला पडदा, पेढा. कागद सांभाळू नका असं मीच म्हणालो होतो तेही. सुनीतावहिनी केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही.

देवरावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे डिस्क बिचारी तरनीताठी होती?"

"हो."

"अन् मी तिच्यासाठी दोन दिवस हळहळलो." त्यांनी काठी आपटली. "काहून सांगितलं नाई रे तवाच?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, गणपती मीच मागितला होता. पन तुमी खोटं बोलाले नको होतं." एवढंच बोलून त्या आत गेल्या. चहा आला, पण दुसऱ्या कोणाच्या हातून आला. ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

अक्षरं मी दिवाळी होईपर्यंत गिरवली. या वेळी देवरावजी शेजारी बसत. "याचं पोट वाढव. मी तरुनपनी काढलेला हाये, उपाशी होता." तुळशीच्या लग्नाआधी तीन दिवस मशीन पुन्हा चालू झालं. सुईने 'श्रद्धा' कोरलं. वहिनी बघायला आल्या. त्यांनी गुंड उन्हात धरला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाल्या, "भाऊ, जेवून जा." मी दोन वेळा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर देवरावजींनी मला पुन्हा मशीनपाशी बसवलं. "आता नावापुढं फूल घाल."

"चूक कोठी झाली काकाजी? नाव तर साफ आलं."

"मायी नाई झाली. तुयी झाली ना? आपल्या दुकानात चूक झाली का फूल निघते. घाल."

मी फूल घातलं. पाच पाकळ्या, शहापूरच्या गुंडावरून घेतलेल्या.

माझे नियम आता कडक आहेत. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह गळ्यात असतो. अक्षरांच्या तीन नकला आहेत, तीन घरांत, आणि एक कागदावर. दसऱ्याची पूजा अजूनही जोडीनं होते, फक्त नक्कल डिस्कऐवजी माझ्या माळ्यावरची एक मेलेली डिस्क शेजारी बसते. देवरावजींना ते माहीत आहे. ते तिलाही तेवढ्याच मनापासून हळदकुंकू लावतात.

पण श्रद्धाच्या लग्नाचं राहिलंच. आंदणाची भांडी मांडवात मांडली होती. बायका वाकून नावं वाचत होत्या. शहापूरहून पार्बताबाईही आल्या होत्या, त्यांचा 'द्ध' नवरीच्या नावात होता म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. कोणीतरी विचारलं, "देवरावजी, नातीच्या नावापुढं हे फूल कायचं?"

देवरावजींनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "याले विचारा."

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. डिस्क जुनी झाली होती, हे वाक्य जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं आणि खरं सांगितलं. व्हायरस, पेनड्राइव्ह, खोटं, सगळं. आणि सांगण्याच्या भरात हेही सांगून बसलो की या दुकानाची रीतच आहे, चूक झाली की तिथे फूल काढायचं.

आधी भातगिरणीचे मुनीमजी हसले आणि मग सगळा मांडव हसायला लागला. एकट्या पार्बताबाई हसत नव्हत्या. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी पदर खोचला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून गा देवराव? मंग आमच्या गुंडावरची तीन?"

देवरावजी काठी न घेताच पंगतीकडे निघाले होते.